एकेचाळिसाव्या लॅटिन शब्दाची मोहीम

श्रीवाग्देवतेचे चरण वंदून, आणि ज्यांनी शब्दास अर्थाची वेसण घातली त्या पुरातन वैयाकरणांचे स्मरण करून, रियो ग्रांदे नदीचे उत्तरतीरी कसबे सान सिरियाको येथे शुक्रवारी दिवसाउजेडी जे घोर लेखनयुद्ध जाहाले, त्याची हकीकत यथामति निवेदन करितो. श्रोतीं अवधान द्यावे.

कसबे मजकुरी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, रेमेदियोस कांतू या अदालतीच्या सनदी भाषांतरकार. स्पॅनिशीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे स्पॅनिश करिता केस पांढरे जाहाले, आणि गोल शिक्का बटव्यातून कधी अंतरला नाही. त्यांजकडे दक्षिणतीरीची नीएवेस आरेदोंदो आली. तिचा बंधू लेओकादियो वाद्यमेळात तोलोलोचे वाजवीत असे. तोलोलोचे म्हणजे पुरुषभर उंचीचे खर्जाचे तंतुवाद्य. तो वर्षामागे निवर्तला आणि वारस ठरेतोवर वाद्य उत्तरतीरी अदालतीचे वखारीत अटकेस पडले. मग दक्षिणेचे न्यायाधीशांनी बहीण वारस ठरविली. परंतु त्या निवाड्याचे इंग्रजी दफ्तरी रुजू होय तोवर वाद्याची सुटका नाही, आणि उदयीक वर्षश्राद्धाची मिसा, म्हणजे देवळातील सामुदायिक प्रार्थना. मेळाने तेथे तेंच वाद्य वाजवावे, ऐसा मयताचा अखेरचा शब्द.

“ताई, उद्या ते वाजलं नाही ना, तर माझा भाऊ तिथनं शिव्या घालेल मला,” नीएवेस म्हणाली. “जिवंतपणी काय कमी घातल्या?”

“रडू नकोस गं. चारला दफ्तर बंद व्हायच्या आत सोडवून आणते,” ऐसे अभय देऊन दोन्या रेमेदियोस कूच करत्या जाहाल्या.

दफ्तराचे खिडकीवर दफ्तरदार प्रुइट साहेब ठाण मांडून होते. पुरुष सालस, उंच, आणि नियमाचे बाबतीत पर्वतप्राय अचल. त्यांचे पाठीमागे भिंतीवर चाळीस लॅटिन शब्दांची यादी, काचेत बंद. आणि तिचे खालचे अर्धे अंग टायरच्या दुकानाचे दिनदर्शिकेने झाकिलेले. साहेबीं बाईंचे भाषांतराचा कागद वाचिला आणि अकरा ठिकाणी तांबडी खूण केली. निवाड्यात मयतास ‘दे कूयुस’ म्हटले होते, म्हणजे ज्याच्या वारशाची बाब तो. दक्षिणेचे अदालतीत हा शब्द मिठाप्रमाणे नित्याचा, आणि लॅटिन ते लॅटिनच ठेवावे या रिवाजाने बाईंनी जैसाचा तैसा राखिला होता. मग साहेबीं फर्माविले की, कलम पहिले: यादीबाहेरचे लॅटिन भाषांतरात चालणार नाही.

बाई बाकावर बैसल्या, अकरा ठिकाणी ‘मयत’ ऐसे शुद्ध इंग्रजीत घातले, नवे शिक्के मारिले आणि दुसरी चढाई केली. मग साहेबीं फर्माविले की, कलम दुसरे: मुळातील लॅटिन शब्द भाषांतरकाराने बदलू नये.

“अहो, ठेवला तरी चूक, काढला तरी चूक! मग करू काय मी?”

“दोन्ही कलमं पाळा, बाई.”

“कोणत्या गाढवानं लिहिली ही कलमं?”

“ते मला ठाऊक नाही. माझ्या आधीपासून आहेत. चांगली आहेत.”

तेव्हां साडेतीन जाहाले, आणि बाहेर पायरीवर नीएवेस जपमाळ ओढीत बैसली होती. बाईंनी तिजकडे पाहिले आणि निर्वाणीचा प्रश्न केला की, यादीत शब्द वाढविण्याचा अधिकार कोणाचा? साहेबीं उत्तर दिले की, कलम तिसरे: जेणे यादी लिहिली तेणेंच, स्वहस्ते, दफ्तरदाराचे समक्ष वाढवावी, नाव तळाशी असेल. आणि तळाशी तर दिनदर्शिका.

बाईंनी खिडकीतून छत्रीचा दांडा लांबविला आणि दिनदर्शिका खिळ्यावरून उतरविली. काचेआड तळाला वळणदार सही प्रकट जाहाली: रे. कांतू, कनिष्ठ कारकून. एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीचे पहिले उन्हाळ्यात, थोर दिसावे या हौसेने ही यादी, कलमांसहित, आपणच रचिली होती, हे स्मरण बाईंस त्या क्षणी जाहाले आणि मुद्रा भोपळ्यासारखी पिवळी पडली.

“ओळखता का यांना?” प्रुइट साहेबांनी अदबीने पुसिले.

बाईंनी बाहेर पायरीकडे पाहिले, मग छातीवर क्रूस केला. “ओळखते. ते गाढव मीच.”

“तसं लिहून द्यावं लागेल.”

मग बाईंनी स्वहस्ते लिहून दिले. ‘गाढव’ हे पद असावे की नसावे, याविषयी वाटाघाटी पाच मिनिटे चालल्या, आणि ते अनावश्यक ठरून गाळण्यात आले. साहेबीं भिंग घेऊन हस्ताक्षर पडताळिले, यादी उतरविली, काच काढिली. आणि दोन्या रेमेदियोस कांतू यांणी एकेचाळिसावा शब्द ‘दे कूयुस’ लिहून शिक्का उमटविला. मग पहिलाच कागद, तांबड्या अकरा खुणांसहित, रुजू जाहाला. चारास दोन मिनिटे कमी होती.

वाद्य मोटारीत मावेना, म्हणोन दोघी बायांनी ते पालखीप्रमाणे खांद्यांवर घेऊन पुलापार नेले.

“जिवंतपणी कधी सरळ चालला नाही,” नीएवेस धापा टाकीत म्हणाली, “आणि आता बघ, कसा ऐटीत निघालाय!”

शनिवारी मिसा यथासांग जाहाली आणि तोलोलोचे असे घुमले की देवळातील मेणबत्त्या कांपल्या. एक तीरी वर्षभर मयत आणि दुसरे तीरी नुसते प्रलंबित, ऐसे जे लेओकादियो आरेदोंदो, ते येणेप्रमाणे उभयतीरी रीतसर मयत जाहाले. दोन्या रेमेदियोस यांची फत्ते जाहाली. दिनदर्शिका पुनश्च त्याच खिळ्यावर, सही नीट झाकेल ऐसी, बाईंनी स्वहस्ते लाविली.