प्रिंटरची ओटी

“जे पोटाले देते, त्याले पहिले हळदीकुंकू, मंग हात लावाचा!” सासूबाईंचं, सत्यभामाबाईंचं हे बजावणं कोकिळाच्या कानात घुमत असायचं. ती पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या वजनाच्या पावत्या करायची; म्हणून दसऱ्याला तिनं त्या छापणाऱ्या प्रिंटरची साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू आणि वरून मूठभर अक्षता!

“आता वर्षभर पाहाचं काम नाही!” ती समाधानानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर करकर धावला आणि कोरी पावती बाहेर आली. म्हणजे अगदीच कोरी नव्हे. उन्हात धरली की काहीतरी छापल्याचा संशय यायचा.

“ताई, हे वजन हाय का धुकं?” कापूस घेऊन आलेल्या लालसिंगनं पावती डोळ्याला चिकटवून विचारलं. त्याची गाडी रिकामी झाली होती. आधीच त्या सालात कापसाचा भाव विचारायची सोय नव्हती, त्यात आता वजनही दिसेना! मागं बैलगाड्यांची रांग हायवेला टेकली.

मॅनेजर किसनराव धावत आले. “काई नाही! प्रिंटर म्हंजे रेडिओचा सख्खा भाऊ. दोन थापा देल्या का गाते!”

दिल्या. प्रिंटरनं कागद चावला.

“रिबन वाळली असन!” नवी घातली, तेच धुकं. मग त्यांनी रिबनवर शिक्क्याच्या शाईची अख्खी बाटली उपडी केली. पावती होती तशीच फिकट राहिली. किसनरावांचा सदरा, कान आणि विचार करताना धरलेलं कपाळ मात्र निळंशार झालं.

“साहेब, कपाळावरच छापा न वजन! तिथं बेस उमटून राह्यलं!” लालसिंग ओरडला. रांग खदखदली.

किसनराव भडकले ते कोकिळावर. “कोकिळाबाई, चहा येईपर्यंत हे नीट करा. नाही तं खुर्ची सोडा अन् उद्यापासून सरकी झाडा!”

ती खुर्ची मिळवायला कोकिळानं सासूबाईंची किती मनधरणी केली होती! त्यात आज मंगळवारचा उपास. तिनं प्रिंटरपुढं डोळे मिटून हात जोडले. “माय, अक्षर उमटव. पुढच्या मंगळवारी तुही ओटी भरतो!”

नमस्काराला वाकली, तर नाकासमोरच ती छोटी दांडी. कागद जाड की पातळ, ते पाहून छापायचं डोकं मागंपुढं करणारी. तिच्या खाचेत हळदीनं पिवळाधमक झालेला एक तांदूळ! दांडी जाड कागदाच्या खुणेवरच अडकलेली. डोकं कागदाला नीट शिवणार कसं?

कोकिळानं केसांतल्या पिनेनं दाणा काढला. पुरावा गिळूनच टाकणार होती, पण उपास आडवा आला. मग पदराच्या गाठीत बांधला.

करकर... आणि पावती काळीकुट्ट, ठसठशीत!

“पाह्यलं?” निळे किसनराव गरजले. “शाई! मी म्हनलो होतो न!”

“तुमचाच हातगुण, साहेब,” कोकिळा खाली मान घालून म्हणाली.

पुढच्या मंगळवारी भल्या सकाळी, जिनिंगचं कुलूप उघडायच्या सुमारास, ती खण-नारळ पदराखाली घेऊन हलक्या पावलांनी निघाली. बोललेलं फेडायलाच हवं. मागची चूक मात्र पुन्हा व्हायला नको होती. म्हणून ओटीचे तांदूळ तिनं आदल्या दिवशीच बारीक दळून, वस्त्रगाळ करून घेतले होते.

दाणाच नाही म्हटल्यावर अडकणार काय!