टिटवीच्या गुन्ह्याचा शास्त्रशुद्ध तपास

हिंदुराव तात्या काय म्हनतो त्ये मला नगा सांगू! टिटवी वरडली आन् सकाळी बैल मेला, म्हनून टिटवीनं मारला? मग परवा तात्या शिंकला आन् गावची लाईट गेली, तर डीपी काय तात्याच्या नाकानं जाळली? स्वतः आला न्हाई, तुमा पोरांच्या हातात धोंडं देऊन टिटवी माराया धाडलं. बसा हितं समदी. आदी ऐका, मग काय धोंडं मारायचं त्ये मारा.

एक जंगल हुतं. जंगलात तळं. तळ्याकाठी निस्तं गोटं, आन् गोट्यात टिटवीची अंडी. टिटवी झाडावर घरटं बांधत न्हाई. उघड्यावर अंडी घालती आन् डोळं ताठ करून राखत बसती.

दिवस मावळतीला जनावरं पान्यावर यायची. मधनंच टिटवी किंचाळायची. जनावरं उधळायची. आन् सकाळी बघावं तर एखादं भेकर न्हाईतर ससा गायब. कुठं कातडं पडलेलं, कुठं शिंग.

जनावरांनी सभा भरवून डोस्कं चालवलं. टिटवी वरडली, कुनीतरी मेलं. परत वरडली, परत मेलं. म्हंजे वरडन्यानंच मेलं!

"हाकला हिला!" रानगवा डुरकला.

"आरं बाबांनो, गवतात बिबट्या दिसतो म्हनून मी वरडती," टिटवी म्हनली. "तुमी पळावं म्हनून वरडती. मागं ऱ्हातं त्ये घावतं त्येला."

सभेचा अध्यक्ष बिबट्याच हुता. त्येनं पंजानं डोळं पुसलं.

"बिचारी घाबरलीया. बोलू द्या तिला," त्यो म्हनला. "आपन कुनावर अन्याय करायचा न्हाई. शास्त्रानं जाऊ. चौकशी लावू."

चौकशीला कोल्हा नेमला. त्यो शहराच्या उकिरड्यावर राहून आलेला, म्हंजे लई शिकलेला. बिबट्याचं उष्टं खाऊन त्येचं पोट सुटलं हुतं. समद्यांस्नी म्हाईत हुतं, पर साहेबाच्या पोटाकडं कोन बघतंय?

कोल्हा खाकरला. "शास्त्रात आदी प्रश्न इचारायचा. मग अंदाज बांधायचा. मग त्यो अंदाज खोटा हाय का, हे झटून बघायचं. तर प्रश्न आसा: टिटवी कशी मारती?"

"आवो साहेब, मारती का, ह्यो प्रश्न हाय न्हवं?" टिटवी म्हनली.

"त्यो सुटलेला हाय."

"बरं, मी वरडले आन् कुनीच मेलं न्हाई, आशा सांजा हिशोबात धरल्या का तुमी?"

"त्या कशाला धरायच्या? तवा तर काय झालंच न्हाई!"

जनावरांनी माना डोलावल्या. साहेब लई खोलात जात्यात, म्हनली.

टिटवीचा जीव अंड्यात अडकलेला. आतनं टकटक यायला लागली हुती. थोडं दिवस मिळालं की पिलं आपल्या पायानं पळनार. मग ह्या गाढवांचं तोंडबी बघायचं न्हाई, आसं तिनं ठरवलं.

"मग पारखून बघा," ती म्हनली. "मी गप बसती. मरायचं थांबलं, तर मी गुन्हेगार. न्हाई थांबलं, तर माजं नाव सोडायचं. कबूल?"

"कबूल!" समदी म्हनली. कोल्हाबी म्हनला. बिबट्या तर सगळ्यात मोठ्यांदा म्हनला.

सांज झाली. गवत हललं. टिटवीला ठिपकं दिसलं. वरडनं पार चोचीपातूर आलं. समोर भेकरीचं पाडस पान्यात तोंड घालून उभं. टिटवीनं चोच चिखलात खुपसली. गप म्हंजे गप.

सकाळी काठावर कातड्याचा सडा पडला हुता.

भेकरी आली. डोळं कोरडं. "टिटवे, काल का न्हाई गं वरडलीस?"

"तुमीच म्हनला ना बाई, गप बस म्हनून."

आयुष्यात पहिल्यांदा भेकरीला कायतरी कळलं हुतं, पर पाडस गेल्यावर.

सभा भरली. कोल्ह्यानं निकाल वाचला. "टिटवी वरडती तवा एखादं मरतं. गप बसली, तर ढीग पडला. म्हंजे तिचं वरडनं इखारी, आन् गप बसनं त्येच्यापरीस जहाल!"

टाळ्या पडल्या.

"आरं, पर ठरलं काय हुतं?" टिटवी वरडली.

"वरडली! वरडली!" जनावरं कानात पाय घालून मागं सरकली.

"ती खरं सांगतीया," भेकरी म्हनली. "माझं पाडस..."

"ए बाई, शास्त्राच्या मधी रडू नगंस," रानगवा म्हनला, आन् गोट्यांवरनं चार खुरांनी नाचला. गोटा कुठला, अंडं कुठलं, कोन बघतंय! टकटक बंद झाली. टिटवी डोंगरापल्याड उडून गेली.

आता त्या तळ्यावर लई शांतता हाय. बिबट्याला पळावं लागत न्हाई, जेवायला आल्यागत चालत येतो. कोल्ह्याचं पोट भुईला टेकलंय. नव्या तपासाला बसलाय त्यो: टिटवी डोंगरापल्याडनं कशी मारती?

तात्पर्य: उत्तर आदी ठरवावं, मग प्रश्न त्येच्या मापाचा कापावा. पारख करावी, पर निकाल उलटा आला तर पारखीलाच खोटं पाडावं. चौकशीला बिबट्याच बसवावा, मेलेल्यांची खडानखडा म्हाईती त्येलाच असती. आन् सावध करनाऱ्याला आदी चेचावं, म्हंजे मरताना कानाला तरास हुत न्हाई.

तात्याचा बैल आजून गोठ्यामागं पडलाय. त्येचा पाय उचलून कुनी बघितला न्हाई, कसल्या दातांच्या खुना हायत त्ये. टाका धोंडं खाली. जावा, बघून या.