वाफेची मोठी गळती

बायकोने कॉफीची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण हातात आलं आणि बरणी फरशीवर गेली. प्लास्टिकची होती म्हणून वाचली.

"झाकण नुसतं ठेवायचं नसतं हो, लावायचं असतं!" हे वाक्य ती लग्न झाल्यापासून म्हणत होती.

"घट्ट लावलं की उघडताना आपल्यालाच त्रास," इंजिनियर म्हणाले. हेही लग्न झाल्यापासूनचंच.

तसे ते वाणिज्य शाखेचे पदवीधर. पण एकदा मिक्सर उघडून पुन्हा जोडल्यावर उरलेले स्क्रू त्यांनी 'कंपनीने जास्तीचे दिलेत' असं जाहीर केलं, आणि तेव्हापासून सगळे त्यांना इंजिनियर म्हणू लागले. आत्ता त्यांचं लक्ष कॉफीकडे नव्हतंच. दारातल्या जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता.

"रविवारी दादा येतोय," बायको केर भरता भरता म्हणाली. "त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. तोवर दिवा विझला तर ठेवा गाडी, नाहीतर देऊन टाकायची. भर रस्त्यात धक्का मारायचं माझं वय नाही."

इंजिनियर लगबगीने पिकअपपाशी गेले. त्या घरात त्यांचं मुकाट ऐकून घेणारी ती एकच वस्तू होती.

त्यांनी गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र आणलं आणि स्टिअरिंगखाली वाकून खोचलं. यंत्राने जरा विचार केला आणि सांगितलं : इंधनाच्या वाफेची मोठी गळती.

"बोलली!" ते ओरडत घरात आले. "इतकी वर्षं गप्प होती, आज बोलली!"

"काय म्हणाली?"

"कुठूनतरी वाफ जातेय."

"माझीही जातेय," बायको म्हणाली.

वाफ म्हणजे नळी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नळीपर्यंत हात जाईना म्हणून हवेच्या फिल्टरचा डबा काढला. नळी बदलली, डबा बसवला, डब्याची वायर जोडायची राहिली. यंत्राने आता दोन कोड दाखवले. इंजिनियर हिरमुसले नाहीत, उलट खूश झाले. रोगी मोकळेपणाने बोलू लागला की डॉक्टरला बरं वाटतं, तसं. वायर सापडल्यावर ती जोडली आणि दिवा विझवायला त्यांनी बॅटरीच काढून पुन्हा लावली. दिवा विझला! रेडिओही विझला, पण ती किरकोळ बाब होती. त्या आनंदात त्यांनी पेट्रोल भरलं, झाकण नेहमीसारखं अलगद टेकवलं आणि गावभर चक्कर मारली. दोन दिवस सुखाचे गेले. शनिवारी दिवा परत आला.

"काय म्हणतेय आता?" बायकोने विचारलं.

"तेच. हट्टी आहे."

"कुणावर गेलीय कोण जाणे."

रविवारी सकाळी बरणी पुन्हा पडली.

"अहो, झाकण नुसतं ठेवायचं नसतं..."

इंजिनियर हातातल्या झाडूसकट थिजले. मग झाडू तिथेच टाकून बाहेर धावले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्यांनी आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत फिरवलं. खट, खट, खट. यंत्र लावून कोड पुसला, गाडी लांबवर फिरवून आणली. दिवा विझलेलाच राहिला.

गाडी वाचली होती, पण आता वेगळाच पेच होता. कारण सांगितलं असतं तर लग्न झाल्यापासूनचा वाद ते एका वाक्यात हरले असते.

तेवढ्यात मेहुणे आले. "काय दाजी, सापडला का दोष?"

"वाफेच्या यंत्रणेत दाबाचा असमतोल होता," इंजिनियर गंभीरपणे म्हणाले. "बारीक काम होतं. केलं."

मेहुण्यांनी आदराने मान हलवली. बायको कॉफी करायला आत गेली. आतून बरणी ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. मग ती बरणी घेऊनच बाहेर आली.

"दादा, बघ रे उघडतेय का. आज यांनी लावलीय."

मेहुण्यांनी जोर लावला, रुमाल गुंडाळून जोर लावला, चेहरा लाल झाला. झाकण हललं नाही. बायकोने बरणीकडे पाहिलं, दारातल्या पिकअपकडे पाहिलं, मग शांतपणे नवऱ्याकडे पाहिलं.

"टाकीचं झाकण होतं ना?"

इंजिनियर छतावरचा पंखा न्याहाळू लागले.

"मग माझ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" मेहुण्यांनी विचारलं.

"गाडी विकायची नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "मला जन्मात जमलं नाही ते तिने एका आठवड्यात शिकवलं."

बरणी काही उघडली नाही. शेवटी तिघंही कॉफी प्यायला बाहेर गेली. अर्थात, पिकअपमधून.