रेडकाची भूक आणि महाराजांचा खरवस

मुलांनो, हात पुसून बसा. खाण्यापिण्याची गोष्ट आहे. एका जंगलात चक्क एक सरकारी गोठा होता. जंगलात गोठा कशाला, असं विचारू नका. सिंहमहाराजांना खरवस आवडायचा, एवढं कारण पुरे.

एका सकाळी गोठ्यातली चंद्री म्हैस व्याली. रेडकू धडपडत उभं राहिलं आणि दुधासाठी ओरडू लागलं. पहिला चीक वेळेवर पोटात गेला नाही तर रेडकू जगणं कठीण, हे चंद्रीला ठाऊक होतं. खरवस त्याच चिकाचा होतो, हे महाराजांना ठाऊक होतं.

महाराजांनी कोल्होबांना बोलावलं. कोल्होबा म्हणजे जंगलातले एकमेव भूकतज्ज्ञ. पोटभर जेवल्याशिवाय ते भुकेवर बोलत नसत.

कोल्होबांनी रेडकाच्या पोटाला कान लावला.

"ही भूक नव्हे, महाराज. हार्मोन आहे. रिकामं पोट एक रस सोडतं. तो रस डोक्यात जाऊन चुगली करतो, की भूक लागली. बाळ भोळं आहे. त्याला ते खरंच वाटतं."

"अहो, पण पोट रिकामं आहे म्हणूनच ना?" चंद्री म्हणाली.

"बाई, तुम्ही नुकत्याच व्यालात. तुमच्यातही हार्मोनच बोलतोय," असं मायेनं म्हणत कोल्होबांनी रेडकाच्या तोंडाला मुसकं बांधलं.

मग गोठ्यावरचं माकड धार काढायला बसलं. थेंब येईना. रेडकानं कासेला ढुशी दिल्याशिवाय चंद्री पान्हा कसा सोडणार? एवढं साधं कोल्होबांच्या शास्त्रात नव्हतं.

दुपार झाली. रेडकानं ओरडणं सोडलं आणि ते खाली बसलं. कोल्होबांनी उपचार लागू पडल्याचं जाहीर केलं. मला तर हे सांगतानाही त्या कोल्ह्याचा राग येतो.

तेवढ्यात महाराजांच्या पोटात गुरगुरलं.

"कोल्होबा, खरवस कुठाय? भूक लागली."

"छे, महाराज. हार्मोन आहे. दुर्लक्ष करा."

महाराजांनी कोल्होबांना खाल्लं.

खाऊन होताच डोक्यातली चुगली थांबली. म्हणजे कोल्होबांचं शास्त्र अगदीच खोटं नव्हतं. महाराजांनी ढेकर दिला, खरवस नको म्हणाले आणि झोपले. माकडानं घाईघाईनं मुसकं सोडलं. रेडकू दोनदा पडलं, मग कासेला जाऊन लुचू लागलं. चंद्री त्याला चाटत राहिली.

तात्पर्य : भूक खरी की हार्मोनची, हे भुकेल्याचे दात बघून ठरतं. म्हणून बाळांनो, भूक लागली की रडू नका. आधी सुळे येऊ द्या.