ठकूबाईची हाक

ठकूबाई खिलारेची हाक चोरीला गेली ती सोमवारी, भर बाजारात, दिवसाढवळ्या. मिरच्यांच्या ढिगापलीकडे विहीणबाई दिसली म्हणून हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ती अलगद काढून नेली. बोलणं शाबूत, खोकला शाबूत, भांडणसुद्धा शाबूत. हाक तेवढी गेली.

खरी पंचाईत दिवस कलल्यावर झाली. गेंदी म्हैस टेकडीवर चरायची आणि ठकूबाईच्या हाकेशिवाय काही खाली उतरायची नाही. दोर लावून ओढली, तर बया आडवीच पडली. कास दगडासारखी तटतटलेली, आणि म्हैस पिंपळाखाली ढिम्म.

सून म्हणाली, "आत्याबाई, ठाण्यात फोन करते."

"नको गं. साक्षीदार जमवा, खेटे घाला. हाक गेली, आता चपलाही झिजवू?"

सुनेनं केलाच. सकाळी हवालदार रोहिणी घुगे स्कूटरवरून दारात हजर.

"मीच येणार होते गं पोरी."

"तुम्ही नाही यायचं मावशी. बाईमाणसाचा जबाब आम्ही घरी येऊन घ्यायचा, कायदाच आहे तसा. काय गेलं?"

"हाक."

"नवी का जुनी?"

"सासरी आले तेव्हापासूनची."

"लांबी?"

"ह्या उंबऱ्यापासून त्या पिंपळापर्यंत. वारा असला तर थोडी पुढं."

"ओळखीची खूण?"

ठकूबाई जरा लाजली. "शेवटाला चिरलीय. थोरलीच्या लग्नात वऱ्हाड भलत्याच मांडवात शिरत होतं, ते मी परत वळवलं. तेव्हाची चीर."

मग पंचनामा झाला. दोन पंचांनी बॅटरी लावून घशात पाहिलं आणि लिहून दिलं की, पडजीभ जागेवर आहे, हाक दिसून आली नाही.

रोहिणीबाईंनी तक्रारीची नक्कल हातात ठेवली. ठकूबाईनं कनवटीला हात घातला, तशा रोहिणीबाई म्हणाल्या, "फुकट आहे, मावशी. वकील लागला तर तोही फुकट. आणि तपास कुठवर आला ते आम्ही येऊन सांगायचं. तुम्ही विचारत फिरायचं नाही."

"म्हणजे चोरी माझी झाली, आणि मानही माझाच?"

"तुमचाच."

"आधी कळलं असतं, तर दोन-चार चोऱ्या होऊ दिल्या असत्या गं!"

बुधवारी पलीकडच्या वाडीतून खबर आली. बापू करांडेच्या गोठ्यातून ठकूबाई ओरडत होती, आणि ठकूबाई तर घरी शेंगा फोडत बसलेली. बापूचा आवाज म्हणजे फुटका पत्रा, त्याच्या म्हशी त्याला कधी जुमानत नसत. रोहिणीबाईंनी त्याच्या फळीवरून झाकणाची किटली जप्त केली आणि लाखेचं सील ठोकलं.

गुरुवारी कोर्टात ओळख परेड झाली. टेबलावर पाच सारख्या किटल्या, पाचींत पाच हाका. ठकूबाई एकेकीचं झाकण बोटभर उचलून कान लावत गेली. चौथीपाशी थांबली आणि हसली.

"हीच. चीर बघा."

बापू म्हणाला, "साहेब, ही माझ्या आजीची हाक आहे!"

"तुझी आजी जन्मात कुणाला 'या' म्हणाली नाही रे!" ठकूबाई म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं. मग टेकडीकडची खिडकी उघडायला लावली आणि किटलीचं झाकण काढायला सांगितलं.

"येऽऽ गं माझे बाय, येऽऽ!"

पिंपळाखाली काहीतरी काळं हललं. सगळे उभे राहून बघत होते, बापूसुद्धा. गेंदी टेकडी उतरली, बाजारपेठ ओलांडून कोर्टाच्या तीन पायऱ्या चढली आणि ठकूबाईच्या खांद्याला नाक घासून तिनं तिथंच पान्हा सोडला. शिपाई घागर आणायला धावला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं, 'साक्षीदार हजर. शपथेची गरज नाही.'

हाक ठकूबाईला हमीपत्रावर परत मिळाली. अटी तीनच. खटला संपेपर्यंत हाक विकायची नाही, चीर बुजवायची नाही, आणि दर तारखेला कोर्टापुढं आणून दाखवायची.

"दाखवीन की," ठकूबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं बाजारातल्या विहीणबाईला हाक मारली, सोमवारची राहिलेली. विहीणबाईनं तिकडून ओ दिली.

खटला अजून चालू आहे. दर महिन्याच्या चौदा तारखेला ठकूबाई नवं लुगडं नेसून कोर्टात जाते, खिडकीतून हाक देते, गेंदी येते. त्या दिवशी कोर्टात चहाला दूध बाहेरून आणत नाहीत. पहिला कप न्यायाधीशबाईंना, दुसरा रोहिणीबाईंना आणि तिसरा बापूला. आरोपीलाही हक्क असतात, असं ठकूबाईच सगळ्यांना सांगते.