एकाच फाइलीचं विरजण

मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. सर्व्हरच्या डोक्यावर, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेलं. मुदत संपून अकरा दिवस.

पिंगतुंगला केळीची बाग.

काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं.

पिशवीत चार घड्यांचा कागद.

शिन्चूच्या त्या कचेरीत नऊ जण लिनक्सवर काम करत, आणि जवळजवळ सगळ्यांच्या मशीनला विरजण एकाच घरचं होतं: पो-युआनचं. पडद्याचे रंग, लांबलचक आज्ञांची आखूड नावं, सकाळी दिसणारा नमस्कार, सगळं त्याने वर्षानुवर्षं एका फाइलीत जमवलं होतं. ती सगळ्यांना खुली होती. रोज सकाळी एकदा बाकीची मशीनं तिची ताजी प्रत आपसूक ओढून घेत. खाजगी गोष्टींसाठी त्याची दुसरी फाइल होती. ती कुठे जात नसे.

पो-युआनला ताइनानच्या नव्या नोकरीला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. बायको तिथेच होती. राजीनामा मात्र तीन महिने पिशवीतून नुसता ये-जा करत होता. गुरुवारी जेवणानंतर नेहमीप्रमाणे दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपले, तेव्हा पो-युआनने अर्धवट झोपेत स्वतःसाठी एक ओळ लिहिली. चुकीच्या फाइलीत.

शुक्रवारी सकाळी याओ-छिंगने खुर्ची वळवली. "पो-युआनदादा, माझं मशीन मला हाकलतंय."

तिच्या पडद्यावर होतं: राजीनामा आजच दे. घाबरू नकोस.

"मलाही तेच," पलीकडून जुंग-यी म्हणाला. "तरी सांगत होतो, पाकिटाची मुदत संपलीय."

"व्हायरस असेल," पो-युआन पुटपुटला. त्याचे कान तापले होते.

"व्हायरस 'घाबरू नकोस' म्हणतो? बराच मायाळू दिसतोय."

याओ-छिंग नवं पाकीट आणायला खाली गेली. पो-युआनने ओळ पुसली, पण इतरांकडे ती उद्यापर्यंत राहणारच होती. कुणी छडा लावायच्या आत सांगून टाकलेलं बरं, म्हणून कागद घेऊन तो कचेरीप्रमुख चिउ साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांच्या पडद्यावरही नारिंगी अक्षरं होती. त्यांनीही आपली फाइल गुपचूप उचललीय, हे त्याला आज कळलं.

"बस. हे वाच आधी."

"साहेब, ते..."

"तीन वर्षं नोकरी सोडून पिंगतुंगच्या बागेवर जाईन म्हणतोय, पाय निघत नाही. देवाला म्हटलं, तूच काय ते सांग. बघ, सांगितलं त्याने."

"साहेब, देव लिनक्स नाही वापरत."

"मग कोणी लिहिलं?"

पो-युआनने कागद किंचित पुढे केला, पण साहेब थांबले नाहीत.

"राजीनामा वर कळवलाय मी. माझ्या जागी कोण, म्हणाले. तुझं नाव दिलं. सगळे अडले की तुझ्याकडेच येतात ना? हातात काय आहे?"

"यादी. पाकीट आणायचंय."

"मोठं आण. आता तुझीच कचेरी." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस."

"बरं, साहेब," पो-युआन म्हणाला. कागदाची त्याने पाचवी घडी घातली.

आदल्या रविवारी, बागेवर जाऊ का, म्हणून चिउ साहेबांनी देवळात तीनदा कौल लावला होता. तिन्ही वेळा देव नाही म्हणाला होता.