झाकण आहे का?

दत्ताभाऊ नमस्कार करायच्या आधी विचारतात, "तुमच्याकडे झाकण आहे का?" म्हणजे गटाराला. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवऱ्या मुलाला हेच विचारलं. मुलगा पार ठाण्याच्या कोलशेतचा. त्याने घाबरून बापाकडे पाहिलं.

भाऊ डोंबिवलीत चार वेळा नगरसेवक झाले. त्यांचं कार्यालय मी सांभाळते. पालिकेची मुदत संपली, सगळे माजी झाले, भाऊंचा फोन काही माजी झाला नाही. मी उचलायला गेले की म्हणतात, "राहू द्या ताई, माझा असेल." त्यांच्याच कार्यालयात दुसऱ्या कुणाचा येणार?

यंदा पक्षाने त्यांना आमदारकीचं तिकीट दिलं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीनपर्यंतची वेळ आणि अर्जावर भाऊंची सही नाही. टेबलावर हार सुकत चाललेले. ठाण्याहून निघालेले नेते शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि मला मोबाईलवर सारखे विचारत होते, "समोर बसलेत ना? हलू देऊ नका."

"भाऊ, सही करा ना."

"करतो हो. पेन चालत नाही."

"हे तिसरं पेन आहे."

तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी झडप घातली.

"बोला मॅडम. झाकण हललंय? त्या बाजूने जाऊ नका. आलोच."

मी दारात आडवी उभी राहिले. "मुकादमाला पाठवा की. उद्या आमदार झालात तर असं पळता येणार नाही."

"तेच तर," ते म्हणाले. "आमदाराला गटाराची तक्रार कोण करतं, ताई?"

आणि स्कूटर काढून गेले.

ही मॅडम म्हणजे त्यांची मुलगी, वैशाली. तिने न विचारता लग्न केलं तेव्हा भाऊंनी तिला घराचं दार बंद केलं. ती राहते दोन गल्ल्या पलीकडे. सणाला येत नाही, आईबापाच्या घरी फोन करत नाही. कार्यालयात मात्र नागरिक म्हणून तक्रार करते. ती त्यांना साहेब म्हणते, ते तिला मॅडम.

तीन वाजून गेले. नेते आले, रिकाम्या खुर्चीचा सगळा राग माझ्यावर काढला आणि गेले. मग भाऊ आले.

"गेली आमदारकी," मी म्हटलं. "झाकण तरी नीट बसवलंत ना?"

"घट्टच होतं," ते म्हणाले. "हललंच नव्हतं."

काम झालं की तक्रारदाराला कळवायचं, ही आमची पद्धत. मी सवयीने फोन ओढला. भाऊंनी त्यावर हात ठेवला.

"राहू द्या ताई. ती तक्रार चालू असू दे."